वय आणि मांडीचं हाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बावीस वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवलं. आईचा खुबा मोडला तेव्हापासून लोखंड-काँक्रीट मागे पडलं आणि हाडांचं वाचन सुरू झालं. ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये या विषयावर बोलतो आणि मग आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. भार आल्यावर हाड कसं वागतं, हे मात्र मी सांगू शकतो.

१. 'खुबा मोडला' म्हणतात तेव्हा नेमकं काय मोडतं?

बहुतेक वेळा मांडीच्या हाडाचं वरचं टोक. हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, उंचीच्या साधारण पाव भागाएवढं. वर चेंडूसारखं डोकं, त्याखाली तिरकी मान, मानेच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला एक उंचवटा आणि मग गुडघ्यापर्यंत सरळ दांडा. कंबरेखाली बाजूला हात दाबला की हाताला टणक लागतो तो हाच उंचवटा. म्हातारपणी मोडतं ते मानेत किंवा या उंचवट्याच्या पट्ट्यात. दांडा मोडणं त्या मानाने विरळ, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. हाड 'झिजतं' म्हणजे काय होतं? पेन्सिलीसारखं बारीक होतं का?

नाही, झीज आतून होते. हाड जिवंत असतं. जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवा भरणाऱ्या पेशी आयुष्यभर कामाला असतात. तिशीपर्यंत भरणं वरचढ असतं, नंतर हळूहळू पोखरणं वरचढ होतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हा वेग बराच वाढतो, आणि आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच थांबते.

दांड्याच्या घट्ट भिंतीत रक्तवाहिन्यांसाठी बारीक नळ्या असतात. वयाबरोबर त्या रुंदावतात आणि आतल्या बाजूच्या शेजारी-शेजारी नळ्या एकमेकींत मिसळून मोठी भोकं होतात. वरच्या टोकाला आत जाळीदार हाड असतं. त्याच्या काड्या आधी बारीक होतात, मग तुटतात. तुटलेली काडी पुन्हा जोडली जात नाही. द्राक्षाच्या मांडवातली एक तार सैल झाली तर ओढून घेता येते, पण आडव्या ताराच काढून टाकल्या तर उभे खांब एकेकटे पडतात. जाळीचं तसंच होतं. तिची ताकद घनतेच्या साधारण वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे घनता निम्मी झाली तर ताकद पाव उरते.

या काड्या एक्स-रेमध्ये डोळ्यांनी दिसतात. कुठल्या रांगा आधी पुसट होतात यावरून हाडाची अवस्था ठरवण्याची पद्धत भारतीय डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली. जगभर ती सिंग इंडेक्स म्हणून ओळखली जाते.

३. आतून पोकळ होतंय तर दांडा लगेच का मोडत नाही?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे शरीर माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं गणित करतं. आतून हाड जातं, तसं बाहेरून थोडं थोडं चढतंही. हिशोबापुरती मापं घेऊ: तरुणपणी बाहेरचा व्यास २८ मिलिमीटर, आतली पोकळी १३. उतारवयात बाहेरचा २९, आतली १७. माल सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाला. पण नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. तो काढून पाहिला तर उलट सहा टक्क्यांनी वाढलेला निघतो! मध्यापासून दूर असलेला माल जास्त काम करतो, म्हणूनच बांबू पोकळ असूनही टिकतो. पोकळ हाडांची ही खुबी गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवली आहे.

ही भरपाई पुरुषांमध्ये जास्त होते, बायकांमध्ये कमी. हाडाच्या मानेत ती अपुरी पडते. शिवाय भिंत पातळ होत गेली आणि मालच कमकुवत झाला (प्रश्न ५), तर आकाराचा फायदा एका मर्यादेपलीकडे पुरत नाही.

४. ठिसूळपणा म्हणजे कॅल्शियमची कमतरता, एवढंच ना?

एवढंच नाही. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कोंबडीचं तंगडीचं हाड साफ करून बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवा आणि पाच-सहा दिवसांनी काढा. माझ्या पुतणीने शाळेच्या प्रदर्शनात हे केलं होतं. हाड दिसायला तसंच होतं, पण बोटांत धरून वाकवलं तर रबरासारखं वळलं. खनिज विरघळलं आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे उरले. आता दुसरं हाड निखाऱ्यावर पूर्ण जाळा. धागे जळतात, खनिज उरतं. ते हाड उचलतानाच खडूसारखं तुटतं.

म्हणजे खनिज हाडाला ताठ ठेवतं आणि धागे त्याला चिवट ठेवतात. वजनाने हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो, उरलेल्यात धागे आणि पाणी. वय वाढतं तसे धाग्यांमध्ये साखरेमुळे नको त्या गाठी पडतात. धागे एकमेकांवर सरकून धक्का जिरवायचे, ते आखडतात. कॅल्शियमची गोळी या गाठी सोडवू शकत नाही.

५. वयानुसार ताकद किती घटते? नेमके आकडे सांगा.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण बोलताना आपण तिन्हींना 'मजबुती' म्हणतो. भाराखाली किती कमी वाकतं तो ताठरपणा. किती भाराला तुटतं ती ताकद. तुटण्याआधी किती ऊर्जा पोटात घेतं तो चिवटपणा. काच ताठ असते, चिवट नसते. ओली फांदी ताठ नसते, पण चिवट असते.

१९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात मांडीच्या हाडाच्या पट्ट्या ओढून तोडल्या होत्या. विशीतल्या माणसांच्या हाडाची ताकद सुमारे १४० मेगापास्कल भरली, ऐंशीतल्यांची १२०. एक मेगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरला एक न्यूटन, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्यावर तरुणपणी चौदा किलो आणि म्हातारपणी बारा किलो. ताठरपणा १७ गिगापास्कलवरून (एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल) १५.६ वर आला. हे दोन आकडे पाहून 'फारसं काही बिघडलं नाही' असं वाटेल. तिसरा आकडा पाहा: तुटण्याआधी तरुण हाड सुमारे ३.४ टक्के ताणलं गेलं आणि ऐंशीतलं १.८ टक्के. ताणलं जाण्याची कुवत जवळपास निम्मी झाली.

१९९३ मध्ये २० ते १०२ वर्षांच्या ४७ जणांच्या हाडांवरून दर दहा वर्षांची घट काढली गेली: ताकद ५ टक्के, ताणलं जाणं ९ टक्के, ऊर्जा जिरवणं १२ टक्के. ताकदीतल्या घटीचा तीन चतुर्थांश वाटा प्रश्न २ मधल्या छिद्रांचा निघाला. तिशीपासून ऐंशीपर्यंत हिशोब केला तर ताकद पाव भागाने जाते, धक्का पचवणं मात्र निम्म्याच्या आसपास. म्हाताऱ्या माणसाचं हाड रोजचा भार उचलतं, पण अचानक आलेला धक्का त्याला जिरवता येत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये हे छापून येत नाही.

यात बारीक भेगांचा हिशोब वेगळा. रोजच्या वापराने हाडात सूक्ष्म भेगा पडतात आणि तरुणपणी दुरुस्त होतात. चाळिशीनंतर त्या साचायला लागतात, बायकांमध्ये जास्त.

६. हे मोजतात कसं? जिवंत माणसाचं हाड तोडून तर बघणार नाहीत.

देहदानातून मिळालेल्या हाडांवर. हाडाची छोटी पट्टी कापतात, मध्ये बारीक आणि टोकांना रुंद, आणि यंत्रात धरून ओढतात. हाड ओलंच ठेवावं लागतं, कारण वाळलेलं हाड जास्त ताठ आणि जास्त ठिसूळ वागतं. मांडीच्या हाडाची लांबीच्या दिशेची ताकद आडव्या दिशेपेक्षा बरीच जास्त असते. उभं लाकूड आणि आडवं लाकूड यांत सुताराला जो फरक कळतो, तोच. आणि दाब सोसण्यात हाड ओढ सोसण्यापेक्षा सरस असतं.

७. नुसतं चालताना खुब्यावर किती भार येतो?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. एका पायावर उभं राहिलं की शरीर दुसऱ्या बाजूला कलायला बघतं. ते सावरायला कुल्ल्याचे स्नायू जोराने ओढतात आणि त्यांची ओढही सांध्यावरच पडते. म्हणून सावकाश चालतानाही मांडीच्या हाडाच्या डोक्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या बाईंच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे ते एकशे ऐंशी किलो! कृत्रिम सांध्यात मापक बसवून हे प्रत्यक्ष मोजलं आहे. ठेच लागून सावरताना हाच आकडा आठ पटींच्या वर गेलेला नोंदला आहे.

काठी उलट्या हातात धरा असं डॉक्टर सांगतात ते यामुळेच. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. मग स्नायूंना कमी ओढावं लागतं.

८. इतका भार रोज सोसणारं हाड साध्या पडण्याने का मोडतं?

कारण भाराची दिशा उलटते. चालताना हाडाची मान वरून खाली वाकते, तिच्या खालच्या कडेवर दाब येतो आणि वरची कड जवळपास मोकळी असते. हाड लागेल तिथेच जाड होतं. त्यामुळे आयुष्यभर चालून खालची कड जाड राहते आणि बिनकामाची वरची कड वयाबरोबर कागदासारखी पातळ होत जाते. आता माणूस कुशीवर पडला. जमीन त्या बाहेरच्या उंचवट्यावर आपटते आणि दाब नेमका वरच्या पातळ कडेवर येतो. भेग तिथेच सुरू होते.

प्रयोगशाळेत हाडं कुशीवर पडल्यासारखी ठेवून मोडली, तेव्हा तिशीच्या आसपासची हाडं सरासरी ७२०० न्यूटनला मोडली आणि सत्तरीतली सुमारे ३४४० न्यूटनला, म्हणजे निम्म्याहून कमी भाराला.

आता ऊर्जेचा हिशोब. ५५ किलोची बाई उभ्याने पडली, कंबर सत्तर सेंटिमीटर खाली आली, तर साडेतीनशे ज्यूलच्या वर ऊर्जा सुटते. नुसतं हाड मोडायला पाच ते पन्नास ज्यूल पुरतात. तरीही दर पडण्याला खुबा मोडत नाही, कारण हात टेकतो, गुडघा वाकतो, स्नायू आखडतात, मांस आणि चरबी धक्का खातात. म्हातारपणी हे सगळेच रखवालदार सुस्त होतात. हाड कमजोर होतं तेव्हाच त्याच्याभोवतीचं संरक्षणही उतरतं.

९. आजी पडली म्हणून हाड मोडलं, की हाड मोडलं म्हणून पडली?

जवळजवळ नेहमीच पडली म्हणून मोडलं. 'उभ्या उभ्या कट्कन आवाज आला आणि मग पडले' असं कुणी सांगितलं तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्यामागे गाठ किंवा दुसरा आजार असू शकतो, किंवा प्रश्न १३ मधला प्रकार.

१०. टी-स्कोअर म्हणजे काय? माझा उणे २.१ आहे.

डेक्सा तपासणीत हाडाच्या सावलीवरून खनिज मोजतात आणि तरुण व्यक्तींच्या सरासरीशी ताडतात. त्या सरासरीपासून तुम्ही किती दूर आहात, तो आकडा म्हणजे टी-स्कोअर. उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ मध्ये घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. तुमचा आकडा मधल्या पट्ट्यात आहे. ज्यांचं हाड मोडतं त्यांतले पुष्कळ जण याच पट्ट्यातले असतात, कारण या पट्ट्यात माणसंच जास्त आहेत. म्हणून आकड्यासोबत आधी कधी हाड मोडलं होतं का, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड चालू आहे का, वर्षभरात किती वेळा पडलात, हेही डॉक्टरांना सांगा.

११. रिपोर्ट चांगला होता, तरीही आईचा खुबा मोडला. असं कसं?

हे आमच्या घरात झालं. तपासणी फक्त कंबरेच्या मणक्याची झाली, आकडा चांगला आला आणि 'काळजी नको' म्हणून घरी पाठवलं. सात महिन्यांनी मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकून आई उजव्या कुशीवर पडली. बाल्कनीतल्या उजेडात तिचा एक्स-रे धरला तेव्हा मानेतली भेग मला, साध्या मास्तरलाही दिसली.

नंतर कळलं, उतारवयात मणक्यांना कडेने हाडाचे काटे फुटतात आणि महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. ते सगळं सावलीत मोजलं जातं आणि आकडा खोटा फुगतो. साठीनंतर खुब्याचं मोजमाप करून घ्याच, मागून घ्या. बाकी कारणं प्रश्न ४, ५ आणि १२ मध्ये आहेत: डेक्सा धागे मोजत नाही, बारीक भेगाही मोजत नाही.

१२. मला मधुमेह आहे, पण घनता उत्तम आहे. मग मी निश्चिंत ना?

नाही. टाइप २ मधुमेहात घनता बहुधा सामान्य किंवा जास्तच असते, तरीही खुबा मोडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. प्रश्न ४ मधल्या साखरेच्या गाठी इथे लवकर आणि जास्त पडतात. त्यात पायांची जाणीव कमी, नजर अधू आणि कधी साखर एकदम उतरून चक्कर, म्हणजे पडण्याची कारणंही वाढतात.

१३. हाडाच्या गोळ्यांनीच मांडीचं हाड मोडतं असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यापायी लोक औषध सोडतात म्हणून सविस्तर लिहितो. ॲलेन्ड्रोनेट (गोळी), झोलेड्रोनिक ॲसिड (शिरेतून देतात) ही औषधं पोखरणाऱ्या पेशींना आवरतात. त्यामुळे खुब्याचे पुष्कळ फ्रॅक्चर टळतात. पण पोखरणं थांबलं की जुन्या भेगांची दुरुस्तीही मंदावते. मांडीचा दांडा किंचित धनुष्यासारखा असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर कायम ओढ असते. अनेक वर्षं औषध घेणाऱ्या मोजक्या लोकांत तिथे भेग वाढत जाते आणि एक दिवस दांडा आडवा, खडू तुटावा तसा तुटतो. आशियाई वंशाच्या लोकांत हे तुलनेने जास्त दिसतं.

याची आधी सूचना मिळते: आठवडे किंवा महिने मांडीत किंवा जांघेत बोथट दुखणं. हे औषध चालू असताना असं दुखलं तर गुडघा किंवा सायटिका समजून तेल चोळत बसू नका, दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढा. दोन्ही अशासाठी की दुसऱ्या बाजूलाही तीच भेग असू शकते. गोळ्या पाच वर्षं किंवा शिरेतलं औषध तीन वर्षं झाल्यावर काही रुग्णांना डॉक्टर मध्ये सुट्टी देतात. ती आपणहून घेऊ नका. टळलेल्या फ्रॅक्चरच्या तुलनेत हा प्रकार फार विरळ आहे.

१४. मग घनता जितकी जास्त तितकं बरं, हे तरी खरं ना?

तेही नेहमी नाही. विदर्भ-मराठवाड्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या माणसांची हाडं एक्स-रेत दाट पांढरी दिसतात, पण ती ठणकतात आणि मोडतात. फ्लोराइड औषध म्हणूनही दिलं गेलं होतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्याची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, मणक्याचे फ्रॅक्चर काही लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे फ्रॅक्चर तिपटीच्या आसपास गेले. दाट हाड बनलं, चांगलं हाड बनलं नाही.

१५. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो. थंडीने हाडं ठिसूळ होतात का?

नाही. खुब्याचं हाड शरीराच्या उबेत असतं. पण आखडलेले स्नायू, पहाटेचा अंधार आणि अंगावरची शाल पायात येणं यांनी माणूस पडतो. फिरायला ऊन वर आल्यावर जा, ड जीवनसत्त्वही मिळेल.

१६. मी रोज गंगापूर रोडला पाच किलोमीटर चालतो. पुरे ना?

हृदयाला, साखरेला उत्तम. हाडाला अपुरं. प्रश्न ८ आठवा: चालण्याने मानेची खालची कड राखली जाते, वरची नाही. हाड नेहमीच्या भाराला सरावतं. त्याला वेगळ्या दिशेचा, थोडा झटकन येणारा भार जागं करतो. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, ओट्याला धरून बाजूला पाय उचलणं, टाचा उचलून आपटणं, एका पायावर उभं राहणं हे त्यात जोडा. मणका आधी मोडलेला असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

स्नायू आणि तोल सुधारला की पडणंच कमी होतं. हाडाची घनता एक-दोन टक्क्यांनी वाढण्यापेक्षा याचा फायदा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

१७. नाचणी आणि दूध पुरेल का?

प्रौढांना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे, एक पेला गाईच्या दुधात सव्वादोनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, दही यांनी उरलेलं जमतं. प्रथिनं विसरू नका, धागे त्यांचेच बनतात. उतारवयात 'आता काय, पेज पुरे' म्हणून डाळ-उसळ सोडणं घातक आहे. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाड ठिसूळ न होता मऊ पडतं. तो वेगळा आजार आहे आणि उपचाराने सुधारतो, म्हणून रक्त तपासून घ्या.

१८. जाड माणसांचा खुबा कमी मोडतो का?

साधारणपणे हो. जास्त वजन वाहिल्याने हाड दाट राहतं आणि उंचवट्यावर चरबीची गादी असते. पण पडल्यावर धक्काही मोठा बसतो, शिवाय प्रश्न १२ आहेच. म्हातारपणी आपोआप वजन उतरायला लागलं तर ते मात्र तातडीने दाखवा.

१९. आईला २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर न्यायचंय, सप्तशृंगी गडावरही. न्यावं का?

न्या. पायऱ्या चढता-उतरताना खुब्यावरचा भार चालण्यापेक्षा थोडाच जास्त असतो. धोका पाय घसरण्याचा आणि ठेच लागण्याचा. घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावर चप्पल काढल्यावर म्हाताऱ्या तळव्याला पकड मिळत नाही. मुख्य पर्वणीचा दिवस टाळा, एकाने पुढे एका पायरीवर खाली उभं राहा, कळशीने पाणी वर आणून अंगावर घाला. गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती घ्या.

आणि घरची मोरी आधी बघा. बहुतेक जण घरातच पडतात. उंबरा, सुटं पायपुसणं, रात्री बंद असलेला दिवा, भिंतीला नसलेला दांडा. आमच्या मोरीला आता दोन दांडे आहेत.

२०. मोडलंच तर? वयामुळे ऑपरेशन नको, पलंगावरच ठेवू असं घरचे म्हणतात.

पलंगावर ठेवणं हाच मोठा धोका. न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा यांनी माणूस जातो. प्रकृती झेपत असेल तर पहिल्या ४८ तासांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी उभं करणं, असाच आजचा प्रघात आहे. ऐंशी-नव्वदीतली माणसं यातून चालती होतात. आई काठी घेऊन देवळापर्यंत जाते.

२१. रॉड टाकल्यावर हाड पहिल्यासारखं होतं का?

जुळतं, पण भाराची वाटणी बदलते. रॉड हाडापेक्षा खूप ताठ असतो, भार स्वतःकडे ओढतो आणि त्याच्या शेजारचं हाड काम नसल्याने विरळ होऊ शकतं. रॉडच्या टोकाशी आणि स्क्रूच्या भोकांशी ताण एकवटतो, म्हणून पुन्हा पडलं तर तिथे मोडण्याची शक्यता असते. आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाजूइतकंच लक्ष दुसऱ्या बाजूकडे द्या. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरीही हाडाचं औषध सुरू न करताच पुष्कळांना घरी सोडलं जातं. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं नसेल तर तिथेच, निघण्याआधी विचारा.